घरचा मीडिया सर्व्हर व्हीएममध्ये नेताना: सर्व्हर हलवा, संग्रह जागेवर राहू द्या

खानापूरहून एकांनी विचारलं आहे. घरी जुना डेस्कटॉप आहे: आठव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, विंडोज १० आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे घरचा व्हिडिओ संग्रह टीव्ही-मोबाइलवर दाखवणारा प्रोग्राम. विंडोज एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान) एसएसडीवर, आणि सगळा संग्रह ४ टीबीच्या दोन एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) डिस्कवर. सिनेमे आहेतच, पण खरं मोलाचं म्हणजे वडिलांनी नव्वदच्या दशकात कॅमकॉर्डरवर टिपलेलं चित्रीकरण: घरची लग्नं, बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीतले चित्ररथ, कडोलीचं मराठी साहित्य संमेलन. आता त्याच मशीनवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारी सिस्टीम) टाकायचं, जेलीफिन एका व्हीएममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरमध्ये, न्यायचं आणि दुसऱ्या व्हीएममध्ये दुकानाचा हिशेब ठेवायचा असा बेत आहे. घरी आई-वडील टीव्हीवर पाहतात, धाकटा भाऊ पुण्याहून पाहतो. व्हीएम करावी का, डिस्कचं काय करायचं आणि पावसाळ्यात सारखी लाइट जाते तिचा काय बंदोबस्त, हे तीन प्रश्न आहेत.

बेत चांगला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, तेव्हा काहीतरी हालचाल करावीच लागणार होती. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करा. जेलीफिन आणि संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलवायचं आहे ते जेलीफिन: प्रोग्राम, त्याचा डेटाबेस, सेटिंग. हे सगळं मिळून काही जीबी भरतं. ८ टीबीच्या संग्रहाला व्हीएमच्या आत जायचं काहीच कारण नाही. मोठी व्हर्च्युअल डिस्क बनवून सगळा संग्रह तिच्यात ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसं केलंत की संग्रह एकाच अगडबंब फाइलमध्ये अडकतो, आणि उद्या मदरबोर्ड गेला तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहण्याची सोय जाते.

पण कशालाही हात लावण्याआधी वडिलांच्या चित्रीकरणाची तिसरी प्रत करा. सिनेमा पुन्हा मिळतो, हे मिळणार नाही. "मूळ टेप कपाटात आहेत, लागल्या तर परत उतरवू" या भरवशावर राहू नका. खानापूरसारख्या घाटमाथ्याजवळच्या दमट हवेत व्हीएचएस टेपला बुरशी धरते, आणि ती चालवायला व्हीसीआर तरी कुठून आणणार? शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. टेपवरून उतरवलेलं एमपेग-टू चित्रीकरण साधारण ६ मेगाबिटच्या दराने असेल तर तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास जागा घेतं. म्हणजे शंभर तासांचं चित्रीकरण ५०० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर आरामात बसतं. मिनी-डीव्हीवरून थेट घेतलेलं असेल तर तासाला १३ जीबी धरा. प्रत झाली की त्यातल्या चार-पाच फाइली वेगळ्या कॉम्प्युटरवर मध्येमध्ये सरकवून बघा आणि ती डिस्क बेळगावात कुणा नातेवाइकाकडे ठेवा. प्रॉक्समॉक्सचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंदून ठेवलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबरच जातो.

आता हलवण्याचं. आहे ते विंडोज उचलून व्हीएममध्ये टाकता येतं. डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच छोटं साधन ते करतं, आणि व्हर्टआयओ (व्हीएमच्या डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर आधी घालून ठेवले तर ते सुरूही होतं. तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही. सपोर्ट संपलेली सिस्टीम तशीच नव्या घरात नेण्यात अर्थ नाही, आणि ॲक्टिव्हेशन जुन्या मदरबोर्डला बांधलेलं असेल तर तिथेही घोळ होतो. डेबियन या लिनक्सची कोरी व्हीएम करा आणि तिच्यात जेलीफिन नव्याने बसवा.

यात एक अडचण आहे. जेलीफिनच्या डेटाबेसमध्ये फाइलींचे विंडोजचे पत्ते लिहिलेले असतात, डी ड्राइव्हपासून सुरू होणारे. लिनक्समध्ये ते पत्ते नाहीत, त्यामुळे डेटाबेस जसाच्या तसा उचलून चालत नाही. सिनेमांचं काही बिघडत नाही, त्यांची माहिती इंटरनेटवरून परत येते. घरच्या चित्रीकरणाला तुम्ही हाताने दिलेली नावं, तारखा, "यात आजी दिसते" अशी वर्णनं मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणून विंडोज चालू असतानाच लायब्ररीच्या सेटिंगमध्ये एनएफओ मेटाडेटा सेव्हर (व्हिडिओची माहिती फाइलीत लिहून ठेवणारी सोय) चालू करा, चित्रं मीडियाच्या फोल्डरमध्येच साठवायची खूण करा आणि मेटाडेटा रिफ्रेश करा. रिफ्रेश करताना फक्त राहिलेली माहिती शोधण्याचा पर्याय घ्या. सगळी माहिती बदलण्याचा पर्याय घेतलात तर हाताने लिहिलेलं पुसलं जाईल. झाल्यावर प्रत्येक चित्रीकरणाशेजारी एक छोटी एनएफओ फाइल दिसली पाहिजे. ती नोटपॅडमध्ये उघडून तुमचं मराठी वर्णन आत आहे का ते वाचा. काय पाहिलं, काय राहिलं याची खूणही एका सदस्यापुरती एनएफओमध्ये ठेवता येते. ती सोय आई-वडिलांच्या खात्याला द्या, भावाचं तो बघून घेईल.

विंडोज शेवटचं बंद करण्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मगच शटडाउन करा. ते चालू राहिलं तर विंडोज एनटीएफएस डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं, किंवा उघडतच नाही. प्रॉक्समॉक्स बसवताना दोन्ही मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, आणि यादीत चुकीच्या नावावर बोट पडायला एक क्षण पुरतो. एनव्हीएमईवरचं जुनं विंडोजही लगेच पुसू नका. नवी एनव्हीएमई घ्या, जुनी काढून पाकिटात ठेवा. काही अडलं तर ती परत लावून संध्याकाळी टीव्ही चालू करता येतो.

डिस्क व्हीएमला देताना तिचा कायमचा ओळखपत्ता वापरा, म्हणजे ज्यात कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो तो. लिनक्स डिस्कला देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावरून अशी अख्खी डिस्क देता येत नाही, कमांड लाइनवरून एका ओळीत होतं. दिल्यावर त्या डिस्कपुढची बॅकअपची खूण काढा, नाहीतर व्हीएमचा रात्रीचा बॅकअप ८ टीबी उचलायला जाईल. आणि व्हीएम चालू असताना तीच डिस्क होस्टवर (प्रॉक्समॉक्स चालतं त्या मूळ मशीनवर) माउंट करायची, म्हणजे उघडायची, नाही, "फक्त बघायला" म्हणूनसुद्धा नाही. दोन सिस्टीम एकाच वेळी एका फाइल सिस्टीमवर लिहू लागल्या की ती मोडतेच. अशा डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) व्हीएमच्या आत दिसत नाही, म्हणून डिस्कच्या तब्येतीवर लक्ष होस्टवरून ठेवा आणि बिघाडाचा ईमेल येतो का ते तपासून घ्या. तुमची सिस्टीम एनव्हीएमईवर आणि संग्रह साटा केबलच्या डिस्कवर आहे, त्यामुळे अख्खा साटा कंट्रोलरच व्हीएमला देणंही शक्य आहे. मदरबोर्डने त्याला वेगळा आयओएमएमयू (व्हीएमला खरं हार्डवेअर देण्याची सोय) गट दिला असेल तर तो मार्ग जास्त स्वच्छ.

एनटीएफएस सुरुवातीला तसंच चालू द्या. पण पुढे एका ४ टीबी डिस्कवरचं सगळं मावेल अशी आणखी एक डिस्क हाताशी आली तर सावकाश एकेक डिस्क रिकामी करून ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या पद्धतीवर आणा. इथे आपल्यासारख्या देवनागरीत नावं देणाऱ्यांना जो खड्डा लागतो त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी-फोरमध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे त्यांना फरक जाणवत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. म्हणजे ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. "कडोली मराठी साहित्य संमेलन ग्रंथदिंडी उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण व्हीएचएसवरून उतरवलेली बाबांची टेप भाग दुसरा" हे नाव विंडोजला शंभरवर चिन्हांचं, म्हणजे अगदी साधं. ईएक्सटी-फोरला तेच जवळपास ३०० बाइटचं पडतं आणि "फाइलचं नाव फार लांब" म्हणून कॉपी अडते. रात्रभर चालणाऱ्या कॉपीत अशा आठ-दहा फाइली मागे राहिल्या तर सकाळी कळतही नाही. म्हणून कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, आणि लांब नावं आधीच आटोपशीर करा. वर्णनाची जागा एनएफओमध्ये आहे.

दुसरी गोष्ट ऱ ची. वऱ्हाड, साऱ्या, बऱ्याच या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. जुन्या मॅकच्या एचएफएस-प्लस डिस्कवर नाव आपोआप दुसऱ्या प्रकारात साठतं. काही कीबोर्ड तिसऱ्याच पद्धतीने, र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप करतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. मॅकवर संपादित केलेली "वऱ्हाड निघालं" ही व्हिडिओ फाइल आणि विंडोजवर टाइप केलेली त्याच नावाची सबटायटल फाइल शेजारी शेजारी असतात, आणि जेलीफिन म्हणतं सबटायटल नाहीत. लिनक्समध्ये कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन पहिले दोन प्रकार एकसारखे करून देतं. आधी ते काय बदलणार ते नुसतं दाखवतं, म्हणून धोका नाही. तिसरा प्रकार त्याने सुटत नाही, ती नावं पुन्हा टाइप करावी लागतात.

तिसरी गोष्ट फॉन्टची. विंडोजमध्ये देवनागरी फॉन्ट जन्मजात असतात. डेबियनच्या किमान इन्स्टॉलमध्ये नसतात. टीव्हीला सबटायटल स्वतः दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती चित्रावर कोरून पाठवतो, आणि फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी व्हीएममध्ये बसवा. घरात कन्नड सिनेमेही पाहत असाल तर कन्नडचा नोटोही त्याच वेळी घाला.

ग्राफिक्सकडे वळू, कारण व्हीएम की कंटेनर (होस्टच्याच लिनक्सवर चालणारा हलका पर्याय) हा निर्णय त्यावर ठरतो. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हरला काहीच रूपांतर करावं लागत नाही आणि ग्राफिक्सची गरजच नसते. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू असलेल्या व्हिडिओपुढे "डायरेक्ट प्ले" की "ट्रान्सकोड" ते दिसतं. हलवण्याआधी आठवडाभर ते बघून ठेवा. वडिलांचं चित्रीकरण पाल पद्धतीचं आहे: ५७६ ओळी, त्याही आड-एक पद्धतीने. बऱ्याच टीव्हींना आणि मोबाइलना ते नीट जमत नाही, हालचालीच्या कडेला दाते दिसतात, म्हणून सर्व्हरने ते सरळ करून द्यावं लागतं. पण एवढं छोटं चित्र तुमचा सीपीयू सहज पेलतो. जड जातं ते मोबाइलवर काढलेलं फोर-के, दहा बिटचं एचईव्हीसी पद्धतीचं चित्रीकरण, जे पुण्याला पाठवताना लहान करावं लागतं. तुमच्या आठव्या पिढीच्या इंटेलमधलं क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतरासाठीचा आतला भाग) ते काम न दमता करतं. एव्ही-वन (नवं व्हिडिओ स्वरूप) मात्र त्याच्या आवाक्याबाहेर आहे. इंटेलमध्ये ते वाचण्याची सोय अकराव्या पिढीत आली.

हे आतलं ग्राफिक्स व्हीएमला पूर्ण दिलं की ते एकट्या तिचं होतं. होस्टची स्क्रीन काळी पडते आणि व्हीएमला दिलेली रॅम कायमची अडकून राहते. एलएक्ससी कंटेनरमध्ये तसं नाही: होस्टचा ड्रायव्हर चालू राहतो आणि एकापेक्षा जास्त कंटेनर तेच ग्राफिक्स वाटून घेतात. नुसतं जेलीफिन असतं तर मी कंटेनर म्हटलं असतं. तुमच्याकडे ग्राफिक्स मागणारं दुसरं काही नाही, डिस्क एनटीएफएसच्या आहेत, आणि कंटेनरमधले यूजर क्रमांक होस्टवर एक लाखाने सरकलेले दिसतात त्यामुळे फोल्डरच्या परवानग्या लावताना नवखा माणूस हैराण होतो. तेव्हा तुमच्यासाठी व्हीएमच. तिला चार जीबी रॅम, सिस्टीम आणि ट्रान्सकोडच्या तात्पुरत्या फाइलींसाठी एनव्हीएमईवर ६४ जीबी जागा, सीपीयूचा प्रकार "होस्ट" आणि मशीनचा प्रकार क्यू-३५ द्या. जेलीफिनचा डेटाबेसही याच जागेत राहू द्या. तो एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) आहे, नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवला तर लॉकिंगच्या भानगडीत बिघडतो.

ग्राफिक्स देण्यासाठी बायोसमध्ये व्हीटी-डी (आयओएमएमयूसाठीची इंटेलची सोय) चालू हवं, होस्टवर आयओएमएमयू चालू हवं आणि होस्टने इंटेलचा ड्रायव्हर स्वतः धरायला नको. स्क्रीन जाणार असल्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वेब पान आणि एसएसएच (दुरून कमांड लाइन) दोन्ही चालतात याची खात्री त्याआधी करा. आणखी एक हमखास फसवणारी जागा: डेबियनची तयार क्लाउड प्रतिमा घेतली असेल तर तिच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) ग्राफिक्सचे ड्रायव्हर बहुधा नसतात. सगळं बरोबर करूनही रेंडरचं डिव्हाइस दिसत नाही आणि माणूस बायोसमध्ये शोधत बसतो. नेहमीचं कर्नल बसवा, जेलीफिनच्या यूजरला रेंडर गटात घाला, आणि फोर-के फाइल मुद्दाम कमी दर्जावर चालवून इंटेल जीपीयू टॉप या साधनात व्हिडिओची पट्टी हलते का ते बघा. हलली तरच ग्राफिक्स काम करतंय. नुसता व्हिडिओ चालला म्हणजे झालं असं नाही, तो सीपीयूवरही चालतो.

नेटवर्कसाठी एक सोपी युक्ती. जुन्या डेस्कटॉपचा आयपी पत्ता नव्या व्हीएमला द्या आणि होस्टला वेगळा घ्या. टीव्हीतलं ॲप जुन्याच पत्त्यावर जाईल. खाती नवी असल्याने एकदा लॉगिन करावं लागेल, पण आई-वडिलांना पत्ता टाइप करायला सांगायची वेळ येणार नाही. व्हीएम ब्रिजवर ठेवा, म्हणजे ती घरच्या नेटवर्कचाच भाग राहते. पुण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडण्याआधी राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पत्त्याकडे बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच पत्ता) आहात आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. तसं नसलं तरी जेलीफिन उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. टेलस्केल (दोन्हीकडची यंत्रं खासगी नेटवर्कने जोडणारं साधन) व्हीएममध्ये आणि भावाच्या अँड्रॉइड टीव्हीवर बसवलं की दोन्ही अडचणी सुटतात.

लाइटचं उत्तर व्हीएम हलवण्याआधीच तयार हवं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झाडाची फांदी तारांवर पडली की एका संध्याकाळी चार-पाच झटके बसतात, आणि लाइट जाण्यापेक्षा ती येऊन-जाऊन करते ते डिस्कला वाईट. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा. साध्या मोडमध्ये तो उशिरा बदलतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. तरीही मधे यूएसबी केबलवाला छोटा यूपीएस घ्याच, कारण "बॅटरी संपत आली" हे मशीनला सांगणारा तोच. केबल होस्टला लावा आणि होस्टवर नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. होस्ट बंद होताना व्हीएमना आधी बंद करतो, त्यासाठी व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (होस्टचा निरोप आत पोचवणारा छोटा प्रोग्राम) असलेला बरा. यूपीएस पाचच मिनिटं टिकणार असेल तर दोन मिनिटांतच बंद करायला सुरुवात करा, शेवटच्या क्षणाची वाट नको. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडा, आणि जेलीफिनची व्हीएम थोड्या अवधीने सुरू होईल असं ठेवा, म्हणजे राउटर तोवर उभा राहिलेला असेल. एफस्टॅबमध्ये (सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) डिस्क यूयूआयडीने (तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाने) आणि "नोफेल" लावून लिहा. एखादी डिस्क उठली नाही तरी व्हीएम उठेल आणि तुम्हाला आत जाऊन बघता येईल. फक्त अशा वेळी जेलीफिनने रिकामं फोल्डर पाहून लायब्ररी साफ करू नये, म्हणून डिस्क माउंट झाल्याशिवाय जेलीफिन सुरूच होणार नाही अशी अट त्याच्या सर्व्हिसमध्ये घाला. हे चाचणी घेऊन ठरवा: घरी कुणी टीव्ही पाहत नसताना यूपीएसचा प्लग काढा आणि सगळं क्रमाने बंद होऊन प्लग लावल्यावर परत येतं का ते बघा.

दुकानाचा हिशेब त्याच मशीनवर ठेवायला हरकत नाही, सोळा जीबीत विंडोज ११ ची एक व्हीएम बसते. तुमचा प्रोसेसर तिला चालतो, लायसन्स मात्र वेगळं लागेल. पण ते काम जेलीफिनबरोबर काढू नका. आधी टीव्ही एक महिनाभर निर्धोक चालू द्या, एकदा जेलीफिनच्या व्हीएमचा बॅकअप वेगळ्या नावाने परत उभा करून बघा. उभा करताना डिस्क आणि ग्राफिक्स त्याला जोडू नका आणि आयपी बदला, नाहीतर चालू व्हीएमशी टक्कर होईल. तो बॅकअप उभा राहिला, लायब्ररीची नावं आत दिसली, की मग हिशेबाची व्हीएम करा, तिचा रोजचा बॅकअप मशीनबाहेरच्या डिस्कवर लावा, आणि मार्चअखेरीच्या गडबडीत तरी तिला हात लावू नका.